हृदयातील एका कोपऱ्याची नाकेबंदी

सत्तरी ओलांडलेले गृहस्थ सकाळी उठतात, चहाचा कप उचलू पाहतात आणि कप हातातून निसटतो. तोंड एका बाजूला वाकडे झालेले, बोलणे अडखळलेले. ‘रात्री तर व्यवस्थित जेवले होते’, असे घरची मंडळी पुन:पुन्हा सांगतात. रुग्णालयात मेंदूचा सीटी स्कॅन होतो, पक्षाघाताचे निदान होते आणि मग कार्डिओग्रामची पट्टी हातात घेऊन डॉक्टर विचारतात, ‘यांची नाडी अनियमित चालते, हे तुम्हाला ठाऊक होते का?’ नातेवाइकांना या प्रश्नाचा रोखच कळत नाही. झटका आला मेंदूला. मग चौकशी हृदयाची कशासाठी?

ही चौकशी योग्य जागीच चाललेली असते. पाश्चात्त्य देशांतील आकडेवारीनुसार मेंदूची रक्तवाहिनी तुंबून होणाऱ्या पक्षाघातांपैकी साधारण पाचातल्या एकाचे मूळ हृदयाच्या ‘एट्रियल फिब्रिलेशन’ या विकारात असते. या विकारात हृदयात तयार झालेली रक्ताची गुठळी रक्तप्रवाहाबरोबर वर चढते आणि मेंदूतल्या एखाद्या वाहिनीत जाऊन बसते. ती गुठळी हृदयात नेमकी कोठे तयार होते, हे आता चांगले कळलेले आहे. तो कोपराच आतून बुजवून टाकला तर? गेल्या पंचवीस वर्षांत या कल्पनेतून एक उपचारपद्धती उभी राहिली आहे. तिच्याविषयी ऐकून अनेक कुटुंबे आज हृदयरोगतज्ज्ञांकडे विचारणा करतात. ती कोणाच्या उपयोगाची आहे आणि कोणाच्या नाही, हे समजून घेणे म्हणूनच आवश्यक झाले आहे.

कानाएवढी पिशवी

हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांना आपण कर्णिका म्हणतो. शालेय पुस्तकांत आता ‘अलिंद’ हा शब्द रूढ झाला असला, तरी ‘कर्णिका’ या जुन्या शब्दात एक गंमत आहे. कर्णिका म्हणजे छोटा कान. पूर्वीच्या युरोपीय शरीररचनाशास्त्रज्ञांनीही या कप्प्यांना कानावरूनच नाव दिले होते, कारण दोन्ही कप्प्यांना बाहेरच्या बाजूने कानाच्या पाळीसारखी एकेक पिशवी लोंबत असते. तिला कर्णिकेचे उपांग म्हणतात. डाव्या बाजूचे उपांग म्हणजे गर्भावस्थेतील मूळ कर्णिकेचा उरलेला अवशेष. पुढे वाढलेली कर्णिका आतून गुळगुळीत असते. हे उपांग मात्र आतून खडबडीत, कंगव्याच्या दातांसारख्या स्नायूंच्या उंचवट्यांनी भरलेले आणि बहुधा दोन-तीन फाटे फुटलेले असते. प्रत्येक माणसाचे उपांग निराळ्या आकाराचे. डॉक्टरांनी या आकारांना कोंबडीचा पंख, निवडुंग, फ्लॉवरचा गड्डा, विमानतळावरची वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी अशी नावे दिली आहेत. ती केवळ गमतीची नाहीत. कोंबडीच्या पंखासारखे उपांग असलेल्यांत पक्षाघाताचे प्रमाण इतरांपेक्षा कमी असते, असे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले.

हृदय तालात चालते तोवर हे उपांग निरुपद्रवी असते. कर्णिकेबरोबर तेही आकुंचन पावते आणि आतले रक्त बाहेर ढकलले जाते. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये हा ताल मोडतो. हृदयातील नैसर्गिक पेसमेकर मिनिटाला साधारण ६० ते १०० वेळा विद्युतसंदेश देतो. या विकारात त्याचे राज्य संपते आणि कर्णिकेत मिनिटाला ३५० ते ६०० अशा गतीने बेशिस्त संदेश फिरू लागतात. कर्णिका मग आकुंचन पावत नाही, नुसती थरथरते. सगळे संदेश खालच्या कप्प्यांपर्यंत, म्हणजे जवनिकांपर्यंत पोहोचत नाहीत म्हणून माणूस जगतो. पण जे पोहोचतात ते अनियमित असतात, म्हणून नाडीही अनियमित लागते. काहींना धडधड, दम, थकवा जाणवतो. अनेकांना काहीच जाणवत नाही आणि विकाराची पहिली वर्दी पक्षाघातानेच मिळते.

वाहत्या नदीच्या कडेला एखादे आंधळे वळण असावे आणि तिथले पाणी हलेनासे व्हावे, तसे रक्त या उपांगात साचून राहते. साचलेले रक्त गोठते. १९९६ मध्ये ब्लॅकशियर आणि ओडेल या दोघांनी तोवरच्या अनेक अभ्यासांची एकत्र छाननी केली. झडपांचा संधिवातजन्य विकार नसलेल्या रुग्णांत डाव्या कर्णिकेतील गुठळ्यांपैकी सुमारे ९१ टक्के गुठळ्या या एका उपांगातच सापडल्याचे त्यांनी दाखवून दिले. संधिवातजन्य विकार असलेल्यांत मात्र हे प्रमाण ५७ टक्केच होते. हा दुसरा आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा. भारतात तो फार महत्त्वाचा आहे आणि पुढे त्याकडे पुन्हा यायचे आहे.

गोळ्यांचे राज्य

एट्रियल फिब्रिलेशनमुळे पक्षाघाताचा धोका साधारण पाचपट होतो, हे अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम गावातल्या रहिवाशांच्या दीर्घ अभ्यासातून १९९१ मध्ये पुढे आले. अर्थात सर्वांचा धोका सारखा नसतो. वय, उच्च रक्तदाब, मधुमेह, हृदयाची क्षीणता, रक्तवाहिन्यांचे विकार आणि आधी होऊन गेलेला पक्षाघात यांना गुण देऊन डॉक्टर बेरीज करतात. पंचाहत्तरी ओलांडल्यास दोन गुण, पूर्वी पक्षाघात होऊन गेला असल्यास दोन गुण. बेरीज जेवढी जास्त, तेवढी गोठणरोधक औषधाची गरज अधिक.

या औषधांना बोलीभाषेत ‘रक्त पातळ करणारी’ म्हणतात. त्यांनी रक्त पातळ होत नाही. गोठण्याची प्रक्रिया मंदावते, इतकेच. यांतले जुने आणि नामवंत औषध म्हणजे वॉरफरिन. त्याची जन्मकथा गोठ्यात सुरू होते. १९३३ च्या हिवाळ्यात अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातला एक शेतकरी मेलेली गाय आणि न गोठलेल्या रक्ताचा डबा घेऊन विद्यापीठातल्या कार्ल पॉल लिंक या रसायनशास्त्रज्ञाकडे आला. कुजलेला ‘स्वीट क्लोव्हर’ नावाचा चारा खाऊन गुरे रक्तस्रावाने मरत होती. लिंक यांच्या प्रयोगशाळेने त्या चाऱ्यातले द्रव्य काही वर्षांनी वेगळे केले आणि पुढे त्याच जातकुळीतले वॉरफरिन १९४८ मध्ये उंदीर मारण्याचे विष म्हणून बाजारात आले. १९५४ मध्ये ते माणसांसाठी मंजूर झाले आणि पुढल्याच वर्षी अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराच्या झटक्यानंतर ते देण्यात आले. विषाचे औषध व्हायला सात वर्षेही पुरी लागली नाहीत.

एट्रियल फिब्रिलेशनच्या रुग्णांत वॉरफरिनने पक्षाघाताचे प्रमाण सुमारे ६४ टक्क्यांनी घटते. असा गुण असलेली औषधे वैद्यकात फार नाहीत. पण ते मोठे लहरी औषध. मात्रा किंचित कमी पडली तर गुठळी होते, किंचित जास्त झाली तर रक्तस्राव. म्हणून ‘आयएनआर’ ही रक्ततपासणी वरचेवर करून तिचा आकडा २ ते ३ यांच्या दरम्यान राखावा लागतो. इतर औषधांशी त्याचे पटत नाही आणि पालेभाज्यांतील के जीवनसत्त्व त्याच्या कामात अडथळा आणते. आपल्याकडे अनेक रुग्णांना ‘मेथी, पालक, कोबी आयुष्यभर वर्ज्य’ असे सांगितले जाते. वस्तुत: पालेभाजी पूर्ण बंद करण्याची गरज नसते, ती दर आठवड्याला साधारण सारख्याच प्रमाणात खावी, एवढेच पथ्य पुरते. गौरी-गणपतीत भाज्यांचा मारा आणि एरवी उपास, असे चालले तर मात्र आयएनआरचा आकडा ताळ्यावर राहत नाही.

२०१० नंतर डॅबिगॅट्रन, रिव्हरॉक्सॅबॅन, अॅपिक्सॅबॅन ही नवी गोठणरोधके आली. त्यांना आयएनआर लागत नाही, पथ्य नाही आणि मेंदूतील रक्तस्रावाचा धोका वॉरफरिनपेक्षा कमी. भारतात पेटंटची मुदत संपल्यावर देशी कंपन्यांच्या गोळ्या आल्या आणि किमतीही उतरल्या. आज बहुतेक रुग्णांसाठी याच गोळ्या पहिला उपचार आहेत. उपांग बंद करण्याच्या पद्धतीचे मोजमाप करताना हे ध्यानात ठेवले पाहिजे, कारण तिचा जन्म वॉरफरिनच्या जमान्यात झाला आणि तिची पहिली स्पर्धा वॉरफरिनशी होती.

इकडे आड, तिकडे विहीर

गोळ्या इतक्या चांगल्या असतील, तर उपकरणाचा खटाटोप कशाला? कारण काही रुग्णांना त्या खरोखरच घेता येत नाहीत. एखाद्याच्या मेंदूत पूर्वी रक्तस्राव होऊन गेलेला असतो आणि तो पुन्हा होण्याजोगे कारण कायम असते. एखाद्या आजींच्या आतड्यातील नाजूक रक्तवाहिन्यांतून वारंवार रक्त जाते; हिमोग्लोबिन उतरते, रक्त चढवावे लागते, गोळी बंद होते, पुन्हा सुरू होते, पुन्हा रक्त जाते. डायलिसिसवरील काही रुग्णांची स्थितीही अशीच. गोळी द्यावी तर रक्तस्राव, न द्यावी तर पक्षाघात. अशा घरांतला तणाव बाहेरच्याला समजणार नाही. मुलगा म्हणतो गोळी बंद करू या, सून म्हणते डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, आणि ज्येष्ठ रुग्ण रोज सकाळी शौचाचा रंग पाहून दिवसाचा अंदाज बांधतात.

तथापि ‘गोळी घेता येत नाही’ हे वाक्य आपल्याकडे फार सैल वापरले जाते. आई एकदा न्हाणीघरात घसरली, म्हणून गोळी बंद. वय ऐंशी झाले, म्हणून गोळी नको, असे निर्णय सर्रास होतात. १९९९ मध्ये कॅनडातील संशोधकांनी या भीतीचे गणित मांडले होते. पडल्यामुळे मेंदूच्या आवरणाखाली होणाऱ्या रक्तस्रावाचा धोका वॉरफरिनच्या फायद्यापेक्षा मोठा ठरण्यासाठी त्या व्यक्तीला वर्षातून सुमारे २९५ वेळा पडावे लागेल, असा त्यांचा हिशेब निघाला. हे कागदावरचे गणित आहे हे खरे, पण भीती आणि वस्तुस्थिती यांतले अंतर त्यातून कळते. २०११ चा आणखी एक अभ्यास याहून बोलका आहे. वॉरफरिनला अपात्र ठरवलेल्या ५,५९९ रुग्णांपैकी निम्म्यांना अॅस्पिरिन आणि निम्म्यांना अॅपिक्सॅबॅन देण्यात आले. अॅस्पिरिन घेणाऱ्यांत पक्षाघात वा अन्यत्र गुठळी जाऊन बसण्याचे प्रमाण वर्षाला ३.७ टक्के होते. अॅपिक्सॅबॅनच्या गटात ते १.६ टक्के भरले. आणि गंभीर रक्तस्रावात दोन्ही गटांत लक्षणीय फरक नव्हता. एका गोळीला अपात्र ठरलेला माणूस सगळ्याच गोळ्यांना अपात्र असतो असे नाही. ‘सौम्य म्हणून’ अॅस्पिरिन देण्याची आपल्याकडची सवय तर या आकड्यांपुढे टिकतच नाही.

छत्रीचा प्रवास

उपांग काढून टाकण्याची कल्पना नवी नाही. न्यूयॉर्कच्या जॉन मॅडन या शल्यविशारदाने १९४९ मध्येच दोन रुग्णांचे उपांग कापून काढल्याचे प्रसिद्ध केले होते. पण त्यासाठी छाती उघडावी लागे. छाती न उघडता, पायातील शिरेतून नळी नेऊन उपांगाचे तोंड बंद करणारे पहिले उपकरण ‘प्लाटो’ या नावाने २००१ मध्ये माणसांत वापरले गेले. जर्मनीतील हॉर्स्ट सिव्हर्ट आणि सहकाऱ्यांनी १५ रुग्णांचा अनुभव पुढल्या वर्षी प्रसिद्ध केला. प्लाटो पुढे मागे पडले. २००२ मध्ये ‘वॉचमन’ आले आणि तेच या क्षेत्रातले सर्वाधिक अभ्यासलेले उपकरण ठरले. नंतर आलेले दुसरे प्रमुख उपकरण म्हणजे ‘अॅम्युलेट’.

वॉचमन दिसते एखाद्या छोट्या छत्रीसारखे किंवा पॅराशूटसारखे. निकेल आणि टिटॅनियम यांच्या ‘निटिनॉल’ या मिश्रधातूची जाळी आणि तिच्या तोंडावर पॉलिएस्टरचे बारीक विणीचे कापड. निटिनॉलला स्वत:चा आकार लक्षात राहतो. नळीत दाबून बसवलेली जाळी नळीबाहेर पडताच मूळ आकारात उमलते. तिच्या कडेचे बारीक काटे उपांगाच्या भिंतीत रुततात आणि ती जागीच पकडून ठेवतात.

प्रक्रिया कॅथलॅबमध्ये होते, बहुधा पूर्ण भूल देऊन. आधी अन्ननलिकेतून इको करून, कधी सीटी स्कॅन करून, उपांगाच्या तोंडाचा व्यास आणि खोली मोजतात. आत आधीच गुठळी असेल तर काम तिथेच थांबते, कारण नळीच्या धक्क्याने ती सुटली तर ज्यासाठी हा सारा प्रपंच, तोच अनर्थ ओढवायचा. सारे ठीक असेल तर जांघेतील शिरेतून नळी उजव्या कर्णिकेत नेतात. तेथून डाव्या कर्णिकेत जाण्यासाठी दोन्हींमधल्या पडद्याला सुईने छिद्र पाडावे लागते. हा सगळ्यात नाजूक टप्पा. भारतीय हृदयतज्ज्ञांना हे काम परके नाही. संधिवाताने अरुंद झालेली द्विदल झडप फुग्याने रुंद करण्याची शस्त्रक्रिया आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर होते आणि तिच्यातही हाच पडदा ओलांडावा लागतो.

पडदा ओलांडला की नळी उपांगाच्या तोंडाशी नेऊन जाळी उघडतात. ती योग्य जागी बसली का, पुरेशी दाबली गेली का, कडेने रक्त झिरपते का, हे इकोवर पाहतात आणि हलकेच ओढून घट्टपणाची खात्री करतात. मनासारखे नसेल तर जाळी परत नळीत ओढून पुन्हा बसवता येते. एकदा सोडली की ती कायमची. तासाभराच्या आसपास काम आटोपते आणि पुष्कळ रुग्ण दुसऱ्या दिवशी घरी जातात. पुढील काही आठवड्यांत हृदयाचे आतले अस्तर कापडावरून वाढत जाते आणि उपांगाचे दार बुजते.

ऐकताना हे सारे सोपे वाटते. पण उपांगाची भिंत कागदासारखी पातळ असते. तिला इजा झाली तर रक्त हृदयावरणात साचते आणि हृदय दाबले जाते. वेळेवर काढले नाही तर ते प्राणावर बेतते. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर तोच मेंदूत जाऊन पक्षाघात होऊ शकतो. उपकरण सुटून रक्तप्रवाहात वाहून जाण्याचे प्रसंग विरळ, पण घडलेले आहेत.

चाचण्यांचा कौल

वॉचमनची पहिली मोठी चाचणी ‘प्रोटेक्ट-एएफ’. तिच्यात ७०७ रुग्ण होते. ४६३ जणांना उपकरण, २४४ जणांना वॉरफरिन. २००९ मध्ये निष्कर्ष आले. पक्षाघात, मृत्यू आणि अन्यत्र गुठळी यांचा एकत्र विचार करता उपकरण वॉरफरिनपेक्षा उणे नव्हते. पण सुरुवातीच्या दिवसांतील गुंतागुंत लक्षणीय होती. उपकरणाच्या गटात सुमारे ४.८ टक्के रुग्णांच्या हृदयावरणात गंभीर प्रमाणात रक्त साचले. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने आणखी पुरावा मागितला, ‘प्रिव्हेल’ ही दुसरी चाचणी झाली, तज्ज्ञांच्या सल्लागार समितीपुढे हा विषय २००९, २०१३ आणि २०१४ असा तीनदा गेला आणि अखेर मार्च २०१५ मध्ये मंजुरी मिळाली. एखाद्या उपकरणाने इतके हेलपाटे घालणे नित्याचे नाही. घोळ होता तो या मुद्द्यावर: उपकरण बसवलेल्यांत मेंदूतील रक्तस्राव स्पष्टपणे कमी होते, पण गुठळीमुळे होणारे पक्षाघात आकड्यांत थोडे जास्तच दिसत होते. दोन्ही चाचण्यांचे पाच वर्षांचे एकत्रित निष्कर्ष २०१७ मध्ये आले, त्यांतही चित्र साधारण असेच राहिले. एका प्रकारचा पक्षाघात टळतो आणि दुसऱ्या प्रकाराविरुद्धचे संरक्षण गोळीइतके भक्कम असेलच, असे नाही.

सराव वाढला आणि उपकरणे सुधारली तशी गुंतागुंत घटली. अमेरिकेतील राष्ट्रीय नोंदणीत २०१६ ते २०१८ या काळातील ३८ हजारांहून अधिक प्रक्रियांत, रुग्णालयात असतानाच गंभीर गुंतागुंत होण्याचे प्रमाण सुमारे २ टक्के आढळले. २०२० मध्ये प्राग येथून आलेल्या ४०२ रुग्णांच्या चाचणीत हे उपचार नव्या गोळ्यांच्याही तोडीस तोड उतरले. नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘ऑप्शन’ चाचणीचे निष्कर्ष आले. एट्रियल फिब्रिलेशनवर ‘अॅब्लेशन’ करून घेतलेल्या १,६०० रुग्णांपैकी उपकरणाच्या गटात तीन वर्षांत रक्तस्राव ८.५ टक्के, तर गोळ्यांच्या गटात १८.१ टक्के. मात्र प्रक्रियेमुळे झालेला रक्तस्राव या आकड्यांत धरलेला नव्हता. मृत्यू आणि पक्षाघात यांत दोन्ही गट जवळपास सारखे राहिले.

इथवरचा सूर उत्साहाचा. पण या सर्व चाचण्यांत एक विसंगती आहे. प्रोटेक्ट-एएफमध्ये वा ऑप्शनमध्ये घेतलेले रुग्ण गोळ्या घेऊ शकणारे होते. ज्यांना गोळ्या मुळीच चालत नाहीत, म्हणजे ज्यांच्यासाठी हे उपकरण खरे तर हवे, त्यांच्यावरची यादृच्छिक चाचणी अमेरिकेत सुरू झाली. पण पुरेसे रुग्ण मिळेनात म्हणून ती अर्ध्यावर थांबली. आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये जर्मनीतील ‘क्लोजर-एएफ’चा निकाल आला. सुमारे ९०० रुग्ण, बहुतेक वयोवृद्ध, पक्षाघाताचा आणि रक्तस्रावाचा असा दोन्हींचा धोका मोठा. एका गटाला उपकरण, दुसऱ्या गटाला डॉक्टरांच्या विचाराने सर्वोत्तम औषधोपचार; त्यांत बहुतेकांना नवी गोठणरोधके. पक्षाघात, अन्यत्र गुठळी, गंभीर रक्तस्राव आणि हृदयविकाराने मृत्यू यांची गोळाबेरीज केली तेव्हा उपकरण औषधांची बरोबरी करू शकले नाही. थकलेल्या शरीराला प्रक्रियेचा आणि त्यानंतरच्या औषधांचा भार सोसावा लागतो, हे यातून दिसले. ‘गोळ्यांपासून कायमची सुटका’ अशा शब्दांत या उपचाराची भलामण करणाऱ्यांनी या निकालाचा उल्लेख टाळू नये, असे वाटते.

अमेरिकी हृदयरोग संघटनांच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूत्रांचा सूरही संयमाचाच आहे. पक्षाघाताचा धोका मध्यम वा अधिक असेल आणि न दूर होण्याजोग्या कारणामुळे दीर्घकाळ गोळ्या देता येत नसतील, तर हा उपचार वाजवी ठरतो. केवळ रक्तस्रावाचा धोका अधिक आहे आणि रुग्णाची तशी इच्छा आहे, तर फार तर विचार करता येईल. २०२४ ची युरोपीय सूत्रे याहून हात आखडून आहेत.

भारतीय रुग्णाचे वेगळेपण

आता त्या ५७ टक्क्यांकडे येऊ. पाश्चात्त्य देशांत एट्रियल फिब्रिलेशन हा मुख्यत: म्हातारपणाचा आजार आहे. भारतातील रुग्णांच्या २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रीय नोंदणीत रुग्णांचे सरासरी वय पंचावन्नच्या आसपास आढळले आणि जवळपास निम्म्यांच्या झडपांना संधिवातजन्य विकार होता. लहानपणी घसा दुखून सांधे धरतात, ताप येतो, तो बरा होतो आणि वीस-पंचवीस वर्षांनी कळते की द्विदल झडप अरुंद झाली आहे. अशा रुग्णांची डावी कर्णिका फुगलेली असते आणि गुठळी उपांगाबाहेर, कर्णिकेच्या पोकळीतही तयार होते. उपांगाला कितीही पक्के कुलूप लावले तरी निम्मे घर उघडेच. म्हणून झडप बऱ्यापैकी अरुंद असलेल्यांसाठी हे उपकरण नाही. कृत्रिम धातूची झडप बसवलेल्यांना त्या झडपेसाठीच वॉरफरिन लागते. त्यांनाही त्याचा उपयोग नाही. एवढेच नव्हे, तर अशा दोन्ही प्रकारच्या रुग्णांना नव्या गोळ्याही चालत नाहीत. संधिवातजन्य विकारात रिव्हरॉक्सॅबॅनपेक्षा जुने वॉरफरिनच सरस ठरते, हे २०२२ मध्ये ‘इन्व्हिक्टस’ या चाचणीने दाखवले. तिच्यात भारतीय रुग्णही होते. शेजारच्या काकांना वॉचमन बसवले म्हणून आपल्या घरातील चाळिशीच्या बहिणीसाठी तेच मागायला जाण्याआधी तिच्या इकोच्या अहवालात द्विदल झडपेविषयी काय लिहिले आहे, ते डॉक्टरांकडून समजून घ्यावे.

खर्चाचाही विचार आहेच. आयात उपकरण, कॅथलॅब, भूल, इको मिळून हा खर्च काही लाखांच्या घरात जातो. आरोग्य विम्याची कंपनी तो देईल का, किती देईल, हे प्रक्रियेची तारीख ठरवण्यापूर्वी लेखी विचारून ठेवणे श्रेयस्कर.

ज्यांची बायपास किंवा झडपेची शस्त्रक्रिया ठरली आहे आणि ज्यांना एट्रियल फिब्रिलेशनही आहे, त्यांच्यासाठी मात्र वेगळी आणि अधिक निर्विवाद गोष्ट सांगता येते. छाती उघडलेली असतानाच शल्यविशारद उपांग शिवून वा कापून टाकू शकतात. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘लाओस-३’ या चाचणीत सुमारे ४,८०० रुग्णांपैकी ज्यांचे उपांग असे बंद केले, त्यांच्यात पक्षाघाताचे किंवा अन्यत्र गुठळीचे प्रमाण जवळपास चार वर्षांत ४.८ टक्के राहिले, इतरांत ते ७ टक्के होते. या रुग्णांपैकी बहुतेक जण गोळ्याही घेत होते, म्हणजे हा फायदा गोळ्यांवर वरकडी होता. शस्त्रक्रियेपूर्वी ‘उपांगाचे काय करणार?’ एवढे विचारायला विसरू नये.

उपकरण बसल्यानंतर

उपकरण बसले म्हणजे औषध त्या दिवसापासून बंद, असा समज घेऊन रुग्ण येतात. तसे नसते. कापडावर अस्तर चढेपर्यंत त्याच्याच पृष्ठभागावर गुठळी धरू शकते. सुमारे ३ ते ४ टक्के रुग्णांत ती आढळते. म्हणून साधारण दीड महिना गोठणरोधक आणि अॅस्पिरिन, किंवा ते चालत नसेल तर अॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल अशी जोडी देतात. त्यानंतर सहा महिन्यांपर्यंत औषधे टप्प्याटप्प्याने कमी होतात आणि पुढे बहुधा अॅस्पिरिन चालू राहते. ज्या आजींना रक्तस्रावाच्या भीतीने उपकरण बसवले, त्यांना हे काही आठवडे जपूनच काढावे लागतात. हिमोग्लोबिनची तपासणी आणि आम्लपित्ताची गोळी या काळात सोडू नये.

शिवाय उपकरणाने नाडी तालावर येत नाही. धडधड, दम यांवरची औषधे सुरूच राहतात. रक्तदाब वाढून फुटणाऱ्या किंवा मानेतील धमनीत चरबी साठून तुंबणाऱ्या रक्तवाहिनीचा पक्षाघात उपांगातून येत नाही, त्यामुळे रक्तदाब, साखर आणि तंबाखू यांचा हिशेब जिथल्या तिथेच राहतो.

सुमारे ४५ व्या दिवशी अन्ननलिकेतून इको करतात. नळी गिळण्याचा त्रास होतो, म्हणून ‘आता बरे वाटते, मग कशाला?’ असे म्हणून ही तपासणी चुकवण्याकडे अनेकांचा कल असतो. उपकरणाच्या कडेने पाच मिलिमीटरहून मोठी फट राहिली आहे का, कापडावर गुठळी आहे का, हे याच वेळी कळते. दोन्हींपैकी काही आढळले, तर गोठणरोधक औषध पुढे चालू ठेवले जाते किंवा बंद केले असल्यास पुन्हा सुरू होते आणि काही आठवड्यांनी इको परत केला जातो.